नरसय्यामामांचं टेबल

श्रावणात दिवस कलला की आमच्या गल्लीत दोरीवरचे कपडे नरसय्यामामांच्या हुकमावरून उतरतात. ओले असले तरी उतरतात. "ताई, कपडे काढा की! अंधारात भुतं घालून बघत्यात." एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, ह्यांचा बनियन जागोजागी फाटलाय. बसला एखाद्या भुताला तर खुशाल नेऊ द्या." मामांनी कानाला हात लावला, बनियन स्वतः काढला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

मामा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, एकटेच. टॉवेलच्या मागांचे फिटर. कारखान्यानं त्यांना माग बसवायला व्हिएतनामला धाडलं होतं, ते तिकडेच बरीच वर्षं राहिले. लोक परदेशातून सेंट आणतात, चॉकलेटं आणतात. मामांनी भुतं आणली.

तिकडे म्हणे आपल्या श्रावणाच्या सुमारास भुतांचा महिना असतो. पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना मागे कुणी नाही असे मेलेले लोक गावभर उपाशी हिंडतात. त्या महिन्यात नवी गाडी घ्यायची नाही, घर बदलायचं नाही, अंधारात शीळ घालायची नाही, भातात चमचा उभा खोवायचा नाही. माझ्या दिरानं श्रावणी सोमवार बघून मोटारसायकल आणली, तर मामा पेढा हातात धरून म्हणतात कसे, "गणपतीपतुर थांबला असता तर काय बिघडलं असतं? आता मागच्या शिटावर कोण बसून येतंय, देव जाणे." जाऊबाई महिनाभर त्या गाडीवर बसली नाही.

"अहो, आमचा एवढा पवित्र महिना," मी भांडायचे, "त्यात तुमची भुतं कशाला?"

"तिकडं असंच असतंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वर ऐकवायचे, "भुतं बी माणसंच की ताई. फकस्त मेलेली."

पण खरा तमाशा नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी सोलापूरचा अख्खा पूर्व भाग मार्कंडेयांच्या रथाला लोटतो, आणि मामा दारापुढे टेबल मांडतात. पातळ पेज, मीठ, लाह्या, बिस्किटं, केळी, उसाच्या कांड्या. शेजारी वर्तमानपत्राचे कातरलेले सदरे, जाळायला. भुतांना अंगावर कपडा नको? उदबत्ती विझली की शेजारपाजाऱ्यांनी त्या टेबलावर तुटून पडायचं, ओढाओढी करून लुटायचं. लुटलं तर भुतांना पोचलं. नाही लुटलं तर ती बिचारी उपाशीच परत जाणार. असा तिकडचा नियम.

आता तुम्हीच सांगा, सोलापुरात भुताला वाढलेलं कोण खाईल? चौकात उतारा दिसला तर रस्ता बदलणारी माणसं आम्ही. मामा ओरडून ओरडून घसा बसवायचे, "लुटा की ओ! चोरी करा म्हनलं तरी करंना कुणी!" आणि लोक लेकरांना पदराखाली घेऊन पलीकडच्या भिंतीला घासत निघून जायचे. कुत्रं आलं तर मामा काठी उगारायचे, "तुला न्हाय! माणसानं लुटाय पायजे." शेवटी सगळं गोळा करून गुपचूप आत न्यायचे. दरवर्षी हेच.

यंदा टेबल मांडताना मला म्हणाले, "आवंदा बी कुणी हात लावला न्हाय तर बंद करतो ताई. कुणाला पोचतच न्हाय, तर मांडायचं कशाला?" एरवी तावातावानं बोलणारा माणूस, तो इतकं हळू बोलला की मला काही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी रथ बघून गल्ली परत आली. उदबत्ती विझली. मामा इस्त्रीचा सदरा घालून टेबलामागे उभे. लोक नेहमीसारखे भिंतीकडून सरकायला लागले. मामांनी यंदा हाकसुद्धा मारली नाही, नुसते ओठ हलले.

माझं डोकंच फिरलं. मी मोहोळची. आमच्याकडे दारात आलेल्याला उपाशी धाडत नाहीत. तो भूत असला म्हणून काय झालं? पदर खोचला, सरळ गेले आणि केळ्यांची अख्खी फणी उचलली. मी कधी डोळे फिरवून पडते, इकडे सगळ्यांचं लक्ष. मी उभ्या उभ्या केळं सोललं आणि खाल्लं.

"अगं बया, एकटीच नेतीस व्हय सगळी?" म्हणत समोरची विड्या वळणारी पद्माक्का लाह्यांच्या ताटावर झेपावली. मग काय विचारता! ज्या सासूबाईंना गुडघ्यापायी देवळाची पायरी चढवत नाही, त्यांनी धाकट्या लेकाच्या हातातली उसाची कांडी हिसकावून घेतली. बिस्किटांचा चुरा झाला. पेजेचं पातेलं दोघींनी दोन बाजूंनी धरून पळवलं. कुणीतरी टेबलावर अंथरलेला टॉवेलही ओढला. आणि मामा मधोमध दोन्ही हात वर करून नाचत होते, "लुटलं! लुटलं! अय्यो, मीठ सुदीक ठेवलं न्हाय!" रथापुढे झाला नसेल असा गलका झाला.

गर्दी पांगल्यावर मामा कागदी सदरे जाळायला बसले. गठ्ठ्यात सगळ्यांत खाली एक कागदी लुगडं निघालं, लाल काठ रंगवलेलं.

"हे कुणाचं हो?"

"हिचं."

करोनात विमानं बंद झाली तेव्हा मामा तिकडे अडकले होते. इकडे मामी दवाखान्यात गेल्या त्या आल्याच नाहीत. आम्हा कुणाला जाऊ दिलं नाही. परक्या माणसांनीच सगळं उरकलं.

"पितरपाठात पान वाढतो की मी तिला," मामा म्हणाले. "पर ती गेली बेवारशावानी. मग त्यांच्यातच कुटंतरी उबी असंल, असं वाटतंय. लई लाजरी. मागंच ऱ्हायली असंल."

त्या वर्षी तिकडच्या घरमालकीण म्हातारीनं मामींच्या नावानं टेबल मांडलं होतं. तिथल्या गल्लीनं ते लुटलं, तशी मामांच्या पाठीवर हात ठेवून म्हातारी म्हणाली, जेवली ती, आता तू जेव.

लुगडं जळून काळं पडेपर्यंत मामा बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आज जेवली असंल न्हवं ती?"

माझे डोळे भरून आले. "जेवली मामा. पोटभर जेवली."

मामांनी मान हलवली. मग संकोचून, खाली बघत त्यांनी विचारलं, "मग... तुमच्यात काय उरलंय का? मला लई भूक लागलीया."

इतक्या वर्षांत ह्या माणसानं आमच्याकडे पाण्याशिवाय काही मागितलं नव्हतं. मी तवा टाकायला आत पळाले.