बाराही पंपांचं पाणी

नोव्हेंबर उजाडला की साठेबाई कुणाला "कसे आहात?" असं विचारायच्या नाहीत. "पाणी काढलंत का?" असं विचारायच्या. आमच्याकडे सत्यनारायणाला आल्या, तर तीर्थ घेण्याआधी बाल्कनीतला नळ बघून आल्या. "अहो देवधर, आत पाणी आहे अजून. गोठून नळ फुटेल ना!" गुरुजींना थांबवून मी सोवळ्यातच नळ रिकामा केला.

ड्युसेलडॉर्फजवळच्या आमच्या कारखान्यात मोठमोठ्या पंपांची चाचणी चाले. बाई तिथल्या सीनियर इंजिनियर. मूळच्या सांगलीच्या, पन्नाशीच्या, एकट्या राहायच्या. पायाला भिंगरी. डबासुद्धा फेऱ्या मारत खायच्या. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्यात पाना.

एका डिसेंबरात, शुक्रवारी दुपारी आम्ही कोट चढवले आणि बाई दारात आडव्या. "उद्या-परवा उणे पंधरा सांगितलंय. बाराही पंप रिकामे करायचे."

साहेब, हेर क्राउझे, वैतागले. "फ्राउ साठे, हॉलमध्ये हीटिंग चालू आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "बंद पडेपर्यंत चालूच असतं."

साहेब निघून गेले. आम्ही चौघं अडकलो. पंपाच्या पोटाखालचं बूच काढायचं, वरचा हवेचा स्क्रू सैल करायचा, मग दांडा हातानं फिरवून उरलंसुरलं पाणी पाडायचं. तरी बाईंना पटेना. प्रत्येक भोकात बोट घालून बघत होत्या. "वाटीभर राहिलं ना, तरी बर्फ होऊन पंपाचं बिडाचं कवच फोडतं ते!"

सोमवारी हॉलमध्ये शिरलो तर तोंडातून वाफा. हीटिंग शनिवारीच बंद पडलं होतं. कोपऱ्यातली बादली तळापर्यंत गोठलेली. पंप मात्र बाराही धड. हेर क्राउझे स्वतः केक घेऊन आले, आणि बाईच गायब.

मागच्या जिन्यात सापडल्या. मोबाईल कानाला लावून जर्मनमध्ये सांगत होत्या, "सगळे वाचले, हसनसाहेब. बाराही. मी स्वतः बघितले."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हसनसाहेब कोण?"

"माझ्या पहिल्या नोकरीतले फिटर. पाणी काढल्याच्या कागदावर मी सही केली होती, न बघता. थंडीत पंप फुटला. ते पुढे होऊन म्हणाले, चूक माझी. मला म्हणाले, तू नवी आहेस, व्हिसा जाईल, गप्प बस." बाई पाना या हातातून त्या हातात करत राहिल्या. "बसले गप्प. त्यांची नोकरी गेली."

"मग आज काय म्हणाले?"

"कुठलं काय! त्यांच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवते मी. दर हिवाळ्यात. उलट फोन कधीच नाही."

बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या.

"पण मशीनवरचा आवाज अजून त्यांचाच आहे हो," त्या म्हणाल्या.