अडीच फूट बोट

आमच्या गच्चीवर अडीच फूट बोट आहे. उरलेली साडेपस्तीस फूट शेजारच्या सिद्रामप्पांच्या गच्चीवर आहे. बोटीचं नाक तेवढं कठडा ओलांडून आमच्याकडं आलंय आणि नेमक्या त्याच जागी माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं पापड वाळत घालतात. त्यामुळं उन्हाळ्यात सकाळी सकाळी कठड्यावरून हाक येते, "अक्का, तेवढे पापड सरकवा की. पोरं नांगर टाकायलेत."

सासूबाई पापड सरकवतात. रात्रभर गाडीत बसल्याशिवाय सोलापूरकराला समुद्र दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण आप्पांशी वाद घालण्यापेक्षा पापड सरकवणं सोपं, असं त्यांचं मत आहे.

बोट म्हणजे पांढऱ्या ऑइलपेंटनं गच्चीवर काढलेल्या रेघा. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि त्या रेघा मीच काढल्यात, तेव्हा या वेडेपणात माझाही निम्मा वाटा आहे हे आधीच कबूल करते.

सिद्रामप्पा एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. करमाळा, मोडनिंब, अक्कलकोट, कुठल्याही फाट्यावर त्यांना ओळखणारी माणसं भेटतात, कारण कधी ना कधी आप्पांनी त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर बसवलेलं असतं. जगात जागा कमी नाही, माणसं सरकत नाहीत, हे त्यांचं तत्त्वज्ञान. पंगत असो, दवाखान्याचं बाकडं असो, चौघांत पाचवा ते बसवतातच. एकदा आमच्या स्कूटरवर त्यांनी माझे यजमान, मी, सासूबाई आणि भरलेला सिलिंडर असं सगळं बसवून दिलं होतं. सात रस्ता चौकापर्यंत काही झालं नाही. उतरताना मात्र आधी कुणी उतरायचं हे कळेना, म्हणून आम्ही तसेच परत आलो.

त्यांचा मुलगा मल्लिनाथ पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली, फ्लॅट विकला, मलेशियात एक जुनी शिडाची बोट घेतली आणि बायको, दहा वर्षांची ओवी नि सहा वर्षांचा शंभू यांना घेऊन तिच्यावरच राहायला गेला. पोरांची शाळा बोटीवर, स्वयंपाक बोटीवर, आज या बेटाला तर पुढच्या महिन्यात त्या बेटाला. गल्लीनं कपाळावर हात मारला. आप्पांनी फक्त लांबी-रुंदी विचारली. अडतीस फूट बाय बारा, असा निरोप आला.

"म्हंजे आपली यष्टीच की," आप्पा हसून म्हणाले. "यष्टीत चार माणसं! रिकामी गाडी पळवायलाय गडी."

मग त्यांनी ओवीकडून बोटीची सगळी मापं मागवली. झोपायच्या फळ्या, ओटा, बाक, संडास, शिडाचा खांब. पोरगी हुशार. तिनं इंचांत मापं पाठवली. मी टेप आणि ब्रश घेऊन दोन रविवार उन्हात उकिडवी बसले. गच्ची अडीच फूट कमी पडली, ती आम्ही दिली.

तेव्हापासून आप्पा बोटीवर राहतात. काकू गेल्यापासून खालच्या चार खोल्यांत ते एकटेच होते. त्या खोल्यांना त्यांनी कुलूप घातलं, गच्चीवर बांबूंवर ताडपत्री ताणली आणि एका बांबूला देवघरातली घंटा बांधली. पोरांचा निघाल्याचा निरोप आला की दोनदा घंटा, पोचल्याचा आला की एकदा. मधल्या काळात आप्पा दाढी करत नाहीत. त्यामुळं मल्लिनाथची बोट कुठं आहे हे नकाशा न बघता अख्ख्या गल्लीला कळतं. कोपऱ्यावरचा वाणी आप्पांच्या हनुवटीकडं बघून विचारतो, "अजून पाण्यातच हायत वाटतं?"

बोटीवर यायचं तर चप्पल काढून, विचारून, बाजूच्या रेघेत सोडलेल्या फटीतून यायचं. दूधवाला एकदा सरळ रेघ ओलांडून आत आला, तर आप्पांनी त्याला पाण्यातून आल्याबद्दल पाय पुसायला लावले. त्यानंही पुसले. बोटीवर पाणी जपून वापरावं लागतं म्हणून अंघोळीला माणशी चार तांबे, असा नियम आहे. ते ऐकून मात्र गल्लीत कुणाला विशेष वाटलं नाही. आमच्याकडं नळाला पाणीच चार-पाच दिवसांनी येतं. चार तांबे म्हणजे चैन आहे, असं बायकांचं म्हणणं पडलं.

एकदा मल्लिनाथचा निरोप आला की समुद्र खवळलाय, दोन दिवस फोन लागणार नाही. इथं ऊन रणरणत होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. आप्पांनी दोन दिवस बांबू सोडला नाही. जेवताना ताट घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. सासूबाई आमटी घेऊन गेल्या, तर आप्पा एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकत बांबू धरून उभे होते. त्यांच्याकडं बघत बघत सासूबाईही झुकायला लागल्या आणि आमटी निम्मी सांडली. खाली येऊन त्यांनी पोटात ढवळतंय म्हणून माझ्याकडं आवळासुपारी मागितली. तिसऱ्या दिवशी एक घंटा झाली आणि आप्पांनी तिथंच बसून दाढी केली. इतके वाकडे कल्ले मी कधी पाहिले नाहीत.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. आप्पा स्वयंपाक बोटीत करायचे, पेपर बोटीत वाचायचे, पण झोपायचे मात्र रेघेबाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी. मला वाटायचं, टाकीची सावली असते म्हणून.

या एप्रिलात एकदा संध्याकाळी पापड गोळा करायला वर गेले, तर आप्पा बोटीच्या मधल्या वाटेत आडवे झालेले. मग उठले, बाकाच्या रेघांत जाऊन कुशीवर झोपले. पाय पोटाशी घेतले, तरी तळवे बाहेरच आले. मग टेप काढून काहीतरी मोजलं. मी हाक मारली, तर कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे दचकले.

"पाचवी जागा बघायलोय, बाई," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. वाटेत झोपावं तर शीड सांभाळायला मल्लू उठणार, त्याचा पाय अंगावर पडणार. बाक दीड फूट कमी. शंभूच्या फळीखाली पाण्याचे कॅन. वर उघड्यावर झोपलं आणि कूस बदलली, की संपलं. वर्षभर ते रोज मोजत होते. पोरं कशी मावतात हे त्यांना बघायचंच नव्हतं. आपण कुठं मावू ते बघायला त्यांनी माझ्याकडून बोट आखून घेतली होती.

मी म्हटलं, सरळ मल्लिनाथला विचारा की.

"जन्मभर लोकांना जागा करून दिली, बाई. मला द्या म्हणून कसं म्हणायचं? त्यांनी बोलावलं न्हाय. आणि बोलावलं, अन् जागा न्हाय निघाली, तर पोराला वाईट वाटंल."

मोडनिंबच्या बाजाराला एका गाडीत गावंच्या गावं नेणारा माणूस हा. त्याला स्वतःपुरती सहा फूट जागा सापडत नव्हती. मला रडू आलं आणि मग राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. आप्पा परत टाकीशेजारी जाऊन पडले होते. मी कठड्यावरून सगळ्या बोटीचा आणि त्यांचा एक फोटो काढला आणि ओवीच्या आईला पाठवून दिला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी उत्तराचा आवाजी निरोप आला. मी फोन घेऊन वर गेले आणि तो आप्पांना ऐकवला. आधी ओवीचा आवाज.

"आजोबा, तुम्ही पाण्यात का झोपलाय?"

मागून लाटांचा आवाज येत होता. मग मल्लिनाथ बोलला. ओवीची फळी बाहेर ओढली की दुप्पट रुंद होते, ते मापात सांगायचं राहिलं, म्हणाला. आणि पुढं, "आप्पा, तुम्ही कधी तळ्यात गुडघ्याच्या वर उतरला नाही. तुम्हाला पाण्याची भीती वाटते, म्हणून आम्ही विचारलंच नाही. या की."

आप्पांनी ते तीनदा ऐकलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"वाटती की," ते म्हणाले. "लई भीती वाटती."

मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बाई, त्या पासपोर्टाला कुटले कागद लागत्यात?"