बाकड्यावरचं मत

ऑफिसात कुणाला बाहेर जेवायला जायचं असलं, की तो आधी आवक-जावक विभागातल्या काकांच्या टेबलाशी यायचा. शहरात परदेशी हॉटेलांची एक अख्खी गल्ली होती आणि त्या गल्लीबद्दल काकांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"काका, बेटवाल्यांकडे जाऊ का?"

"सासरची माणसं सोबत असतील तर नको. दोघंच असाल तर खुशाल जा."

"आणि ते वाळवंटवाले?"

"पोट भरतं. पण नंतर माणूस कुणाशी बोलत नाही."

मत कधी चुकत नसे. गंमत एवढीच, की त्या गल्लीतल्या एकाही हॉटेलात काकांनी आजवर पाऊल टाकलेलं नव्हतं. घरच्या डब्यापलीकडे त्यांच्या पोटाला काही मानवतच नसे. पण गल्लीच्या समोर बसथांबा होता, थांब्यावर बाकडं होतं आणि बस काही वेळेवर यायची नाही. मग काका बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघत बसायचे. कोण पट्टा सैल करतोय, कोण मागे वळून पुन्हा पाटी वाचतोय, कोण तडक शेजारच्या दुकानात बिस्किटं घ्यायला पळतोय. त्यावरून काय ते कळायचं. हे गुपित फक्त काकूंना ठाऊक होतं.

अशात मुलीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीनेच जमवलेलं होतं आणि काकांनी मुलाचा फोटो बघताक्षणी होकार दिला होता. मुलाचे वडील रसायनशास्त्राचे मास्तर. पाणीसुद्धा तपासून पिणारा माणूस. पोरीच्या बापाने आपली साधी चौकशीही केली नाही, याचं त्यांना भारी कुतूहल लागून राहिलं होतं. त्यात मुलीने बढाई मारली, "आमच्या बाबांना त्या गल्लीतलं एकूण एक हॉटेल तोंडपाठ आहे!"

झालं! मास्तरांनी निरोप धाडला, "लग्नाची तारीख डोंगरवाल्यांच्या हॉटेलात जेवता जेवता ठरवू. काय मागवायचं ते व्याह्यांनी सांगायचं."

"आता निस्तरा," काकू म्हणाल्या.

"मी आत जाऊन आलो, असं कधी म्हणालो का?"

"नाही गेलो, असं तरी कुठे म्हणालात?"

डोंगरवाल्यांकडे टेबलं जमिनीलगत होती. काकांचे गुडघे कुरकुरले. समोर आलेल्या कार्डावरचं एक अक्षर कळेल तर शपथ. मास्तर, मास्तरीणबाई, मुलगा, मुलगी, सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. काकू मात्र छताकडे.

"बोला व्याही," मास्तर म्हणाले. "इथली खासियत काय?"

काकांना दरदरून घाम फुटला. मग त्यांनी सवयीने भोवतालचे चेहरे न्याहाळले. कोपऱ्यात एक गृहस्थ डोळे मिटून, डुलत डुलत जेवत होते. काका वेटरला ऐटीत म्हणाले, "ते खातायत ना, तेच आणा."

वेटर खाली वाकून कुजबुजला, "साहेब, ते आमचे मालक आहेत. त्यांचा घरचा डबा आहे तो."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मालकांनी डोळे उघडले, काकांना पाहिलं आणि त्यांच्या हातातला चमचाच गळून पडला.

"अरे देवा! बाकड्यावरचे साहेब!" ते धावतच आले. "अख्खी गल्ली टरकून आहे हो तुम्हाला! त्या दिवशी आमच्या दाराकडे बघून तुम्ही मान हलवलीत आणि मी दुसऱ्याच दिवशी आचारी बदलला!"

"म्हणजे व्याही खाद्यनिरीक्षक आहेत?" मास्तर पुढे सरसावले.

"ते काय माहीत नाही बुवा. पण गल्लीतल्या कुणाच्याच हॉटेलात ते कधी आलेले नाहीत. आज पहिल्यांदाच पायधूळ झाडली!"

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे तुम्ही न खाताच मतं देता?" मास्तर सावकाश म्हणाले. "मग आमच्या मुलाला होकार दिलात, तोही असाच? न तपासता?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता लपवायला उरलं तरी काय होतं?

"तपासून दिला," ते म्हणाले. "एकदा ही दोघं याच दारातून बाहेर पडली. हिचं काही चाललंय, याचा मला पत्ताच नव्हता. जेवण फसलेलं होतं. तुमचा मुलगा बाहेर येताच घटाघटा पाणी प्यायला. पण त्याने आधी बाटली हिला दिली हो. आणि मग दोघं पायरीवर बसून पोट धरून हसली. इतकं वाईट जेवून एवढी खूश झालेली माणसं मी त्या बाकड्यावरून दुसरी पाहिली नाहीत. मास्तर, याहून काय चौकशी करायची?"

मुलीने खाली मान घालून डोळे पुसले.

"थांबा, थांबा," मालक म्हणाले. "मान हलवलीत ती त्याच दिवशी?"

"अहो, ती मी मुलीला बघून हलवली!"

"अरेरे! आणि मी चांगला आचारी घालवला!"

"चांगला नव्हता हो," मुलगा हळूच म्हणाला.

सगळ्यात आधी मास्तरीणबाई हसल्या, मग मास्तर, आणि मग कुणालाच आवरेना. मालकांनी काय काय आणलं देव जाणे. काकांनी सगळं खाल्लं, पोटाने चकार शब्द काढला नाही आणि पानावरच तारीख ठरली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या टेबलाभोवती सगळं ऑफिस गोळा झालं. "काका, डोंगरवाल्यांकडे जाऊन आलात म्हणे! कसं आहे?"

काकांनी खूप विचार केला. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "मला कसं कळणार? मी आत होतो ना!"