शिक्केबाबू कोणत्या गटात मोडतात?

जगात जे जे काही आहे, ते एकतर सजीव आहे किंवा निर्जीव. तिसरी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. आपण कोणत्या गटात मोडतो, हे बहुतेक माणसं जन्मभर कुणाला विचारत नाहीत. न विचारता जे बरं चाललंय ते विचारून कशाला बिघडवा, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी असतं. आमच्या कार्यालयापाशी ते नव्हतं, कारण आमच्या कार्यालयाला नवी इमारत मंजूर झाली होती.

इमारत आली की स्थलांतर आलं आणि स्थलांतर आलं की परिपत्रक आलं. त्यात एकच वाक्य होतं: ‘सर्व सजीव बसने व सर्व निर्जीव टेम्पोने हलवावेत.’ लिहिणाऱ्याला वाटलं असेल, यात न कळण्यासारखं काय आहे? त्या बिचाऱ्याने आमचं कार्यालय कामाच्या वेळेत कधी पाहिलेलं नव्हतं.

साहेबांनी तातडीने सजीव-निर्जीव वर्गीकरण समिती नेमली. अध्यक्ष स्वतः साहेब, सदस्य हिशेब विभागाच्या मॅडम आणि सदस्य-सचिव अस्मादिक. (सदस्य-सचिव म्हणजे ज्याला मत नसतं, पण इतरांचं मत लिहून काढावं लागतं तो.) निकषांसाठी साहेबांच्या धाकट्या कन्येचं चौथीचं विज्ञानाचं पुस्तक प्रमाण मानायचं ठरलं. काही जळकुकड्यांनी नाकं मुरडली. पण चौथीपर्यंतचं विज्ञान हे एकच शास्त्र असं होतं, की ज्यात शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येक जण पास झालेला होता. पाचवीपासून मतभेद सुरू होत होते.

पुस्तकात सजीवांची लक्षणं स्वच्छ दिली होती. सजीव अन्न घेतात, श्वास घेतात, वाढतात, स्वतःहून हालचाल करतात, स्पर्शाला आणि आवाजाला प्रतिसाद देतात, आपल्यासारखे दुसरे जीव निर्माण करतात आणि नको ते शरीराबाहेर टाकतात. शेवटचा निकष सर्वांसाठी स्थगित ठेवावा लागला, कारण स्वच्छतागृहाला गेल्या वर्षापासून कुलूप होतं.

सुरुवात सोप्यापासून करावी म्हणून आम्ही प्रिंटर घेतला आणि तिथेच अडकलो. प्रिंटर कागद खातो, अर्धवट चावून टाकतो, गरम होतो, मधूनच हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो आणि ऐन कामाच्या वेळी आजारी पडतो. “आमचे धाकटे दीर अगदी अस्से आहेत,” मॅडम म्हणाल्या. प्रिंटरला बसमध्ये उभ्याने नेण्याचा निर्णय झाला. त्यानंतर फायली. त्या वाढतात, एकीच्या दोन होतात, जागा बदलतात आणि शोधायला गेलं की दडून बसतात. फायली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. लिफ्ट बोलावली तरी येईना, म्हणून ती निर्जीव. साहेबांची चाचणी घेण्याचं कारणच पडलं नाही, त्यांची वाढ शर्टाच्या बटणांवरून डोळ्यांना दिसत होती.

कर्मचाऱ्यांचा निकाल एकंदर समाधानकारक लागला. पाव हिस्सा निर्विवाद सजीव, निम्मे दुपारच्या जेवणापर्यंत सजीव आणि उरलेले फक्त पगाराच्या दिवशी. शंकेचा फायदा सगळ्यांना दिला, कारण शंका घेणारेही त्यातच होते. प्रश्न उरला तो एकट्या शिक्केबाबूंचा.

शिक्केबाबू खिडकीपाशी बसत. समोर कागद आला की त्यावर शिक्का मारत, आणि नाही आला की येईपर्यंत तसेच बसून राहत. बोलणं बेताचं. ‘असू दे’ हे त्यांचं सर्वांत लांब वाक्य. पण हा माणूस त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होता आणि निवृत्त झाला की बायकोला घेऊन समुद्र पाहायला जाणार होता. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. त्याचं असं आहे, की आमच्याकडे रजेच्या अर्जावर रजेच्याच दिवशी सकाळी शिक्का पडतो, तोवर रजा लागू होत नाही. शिक्का मारणारे शिक्केबाबू. म्हणजे स्वतःची रजा सुरू करायला त्यांना कामावर यावं लागे, आणि कामावर आलेल्या माणसाला रजा कशाला हवी? नियम फार पक्का होता. नोकरीभर त्यातून त्यांना मुंगीएवढी फट सापडली नाही. आता निवृत्ती हीच काय ती फट होती.

आणि निर्जीव वस्तूला निवृत्ती नसते. टेबल कधी निवृत्त झालंय का? त्यामुळे चाचणीच्या दिवशी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतः कार्यालयात येऊन बाकावर बसल्या होत्या.

श्वसनाच्या चाचणीसाठी नाकापुढे आरसा धरला. पण कार्यालयाचा आरसा आधीच इतका मळलेला होता, की त्यावर वाफ जमली की नाही हे खुद्द आरशालाही सांगता आलं नसतं. वाढ मोजली तर बाबू भरती झाले त्या दिवसापेक्षा बोटभर कमी भरले. वाढ उणे. शिक्का मारतात ही हालचाल नव्हे काय, असं मी दबकत विचारलं. “कागद पुढे सरकवला तरच मारतात ना?” साहेब म्हणाले. “मग ते बाह्य बल झालं. दाराची कडीही ढकलली की हलते.” बाबू डबा खातात हे मान्य झालं, पण प्रिंटरही खातो. “आम्हाला मुलगी आहे हो,” वहिनी म्हणाल्या. तर मॅडमनी दाखवून दिलं, की ती कार्यालयाच्या आवारात नाही. याउलट बाबूंच्याच खिडकीत बाटलीत लावलेल्या मनीप्लांटच्या वेलीने त्या आठवड्यात दोन नवी पानं काढली होती, तीही सर्वांसमक्ष. शिवाय ती उजेडाकडे वळत होती. (कार्यालयात उजेडाकडे वळलेलं आमच्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.)

मग वहिनींची साक्ष झाली.

“घरी हालचाल करतात का?” साहेबांनी विचारलं.

“सांगून की न सांगता?”

“न सांगता. स्वतःहून.”

वहिनी विचारात पडल्या. बाई खोटं बोलणारी नव्हे, तिथेच सगळा घोटाळा झाला. “झोपेत कूस बदलतात,” त्या म्हणाल्या.

“झोपेतलं धरता येत नाही. हाक मारली तर?”

“दुसऱ्या हाकेला ‘हं’ म्हणतात.”

“हा प्रतिसाद की प्रतिध्वनी?” मॅडमनी विचारलं.

“अहो, असं काय करता? सगळेच नवरे ‘हं’ म्हणतात. तुमचे काय म्हणतात?”

मॅडमनी हा प्रश्न विषयाला सोडून असल्याची नोंद घ्यायला लावली आणि नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, तुम्ही तरी सांगा. रोज दुपारी एकत्र जेवता ना दोघं? तुमच्याशी काही बोलत असतील, हसत असतील. सांगा की यांना.”

आता खरं सांगायचं तर शिक्केबाबू हसत. माझ्या जुन्यापुराण्या विनोदांना हसणारा सबंध कार्यालयात तो एकच माणूस होता. पण हसणं पुस्तकातल्या लक्षणांत नव्हतं, आणि मला मत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तसं मी इतिवृत्तात लिहिलंही, ‘सदस्य-सचिवांना वाईट वाटले’. ते साहेबांनी खोडायला लावलं. शिक्केबाबूंचा निकाल निर्जीव असा लागला. त्या कागदावर शिक्का हवा होता. तो त्यांनीच मारला, नीट, सरळ आणि शाई न फासता.

“असू दे,” ते वहिनींना म्हणाले.

स्थलांतराच्या दिवशी वेल बसमध्ये खिडकीची जागा घेऊन बसली आणि शिक्केबाबू आपल्या खुर्चीसकट टेम्पोत चढवले गेले. नग मोजायला म्हणून मलाही टेम्पोतच जावं लागलं. दोन लोखंडी कपाटं, मध्ये बाबू, आणि पुढच्या कपाटाला पाठ लावून पेंगणारा हमाल. उतारावर टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक मारला. गतीत असलेली वस्तू गतीतच राहू पाहते, हे पुस्तकात वाचताना किती निरुपद्रवी वाटतं. मागचं कपाट गतीत राहू पाहत थेट हमालाच्या दिशेने कललं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शिक्केबाबू उभे होते आणि कपाट त्यांच्या खांद्यावर होतं. नवी इमारत येईपर्यंत त्यांनी ते तसंच पेलून धरलं. कानशिलाच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

“दादा, तुम्ही नसता तर माझा चेंदामेंदा झाला असता,” हमाल खाली उतरून म्हणाला.

मी धावत साहेबांकडे गेलो. धावत, हे मुद्दाम सांगतो, कारण मी सहसा धावत नाही. समितीची खास बैठक भरली. साहेबांनी चौथीचं पुस्तक उघडलं, कार्याचं पान काढलं आणि चष्मा पुसला. बल लावून वस्तूची जागा बदलली, तरच शास्त्रीय अर्थाने कार्य झालं, असं तिथे ठळक अक्षरात होतं. शेजारी भिंत ढकलणाऱ्या एका घामाघूम माणसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘याने कार्य केले का? नाही.’

“कपाट हललं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. यांनी हलू दिलं नाही.”

“मग कार्य शून्य.”

“पण कपाट पडलं असतं तर, साहेब?”

“तर कार्य झालं असतं. पण तेही यांच्या नावावर नव्हे. ते पृथ्वीचं. गुरुत्वाकर्षण तिचं आहे.” साहेबांनी पुस्तक मिटलं. इतकी सुसंगत विचारसरणी मी दुसऱ्या कोणत्याही साहेबांत पाहिलेली नाही, आणि हे मी त्यांच्या बदलीनंतरही म्हणतो.

नव्या इमारतीत खिडकीजवळचं टेबल वेलीला मिळालं. शिक्का तिच्या शेंड्याला टांगला होता. वारा आला की कागदावर आपोआप ठसा उमटे, आणि खिडकी नव्या बनावटीची असल्याने वारा येत नसे. तरी कामाच्या वेगात फरक जाणवला, अशी तक्रार एकाही नागरिकाने केली नाही. शिक्केबाबू आता रात्रंदिवस अडगळीच्या खोलीत कपाटांमध्ये बसत. दुपारी मी डबा घेऊन तिथे जाई. विनोद सांगणं मी बंद केलं होतं, धीर होईना. वर्ष संपलं. निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. वहिनी फाटकापाशी बॅग भरून संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. रखवालदाराने त्यांना समजावून सांगितलं, की बाई, सामान असं नेता येत नाही.

पुढे नियमाप्रमाणे अडगळीच्या सामानाचा लिलाव जाहीर झाला. नग वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पंख्याची पाती गेली, गंजलेलं कपाट गेलं. मग मी वाचलं, “शिक्केबाबू एक, सोबत मोडकी खुर्ची, जसे आहेत तसे.”

वहिनी पहिल्याच रांगेत होत्या, तीच बॅग मांडीवर घेऊन. त्यांनी बोली लावली. मागून एका भंगारवाल्याने हात वर केला, त्याला खुर्ची हवी होती. वहिनींनी वळून त्याच्याकडे फक्त पाहिलं. तो हात खाली कसा आला, हे गुरुत्वाकर्षणालाही सांगता येणार नाही.

“एकवार... दोनवार...” साहेब सवडीने म्हणू लागले.

“तीनवार म्हणा लवकर,” वहिनी म्हणाल्या. “गाडी सुटेल आमची.” मग त्या खुर्चीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “अहो, चला.”

शिक्केबाबू पहिल्याच हाकेला उठले. स्वतःहून चालू लागले, दारापर्यंत जवळजवळ पळालेच. त्यांच्या डोळ्यांतून थोडं उत्सर्जनही झालं. ही सर्व लक्षणं लिलावानंतरची असल्याने समितीला विचारात घेता आली नाहीत. खुर्ची वहिनींनी भंगारवाल्याला तशीच देऊन टाकली.

त्या दिवशी कार्यालय लवकर सुटलं. साहेब बराच वेळ गाडीत नुसते बसून होते. मी घरी गेलो, पाणी प्यायलो आणि सहज विचारल्यासारखं बायकोला विचारलं, की उद्या मला लिलावात काढलं, तर तू बोली लावशील का? तिने वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “सोबत काय मिळणार आहे?”

आपण ही हकीकत बसल्या जागी, फारशी हालचाल न करता, इथवर वाचत आलात याबद्दल समिती आभारी आहे. आपण मात्र नक्की सजीव आहात, अशी आपली खात्री असेल. तर मग जवळ जे कुणी आपलं माणूस असेल, त्याला हाच प्रश्न एकदा विचारून बघा. ते हसलं तर ठीक. त्याने आधी किंमत विचारली, तर आपलं वर्गीकरण घरच्या घरी, समितीवाचूनच, कधीचं झालेलं आहे असं समजावं.