बेपत्ता फाळका आणि रांगती साहाय्यिका

माझ्यासारखा गुप्तहेर या गल्लीत दुसरा नाही. तसं म्हणणारं दुसरं कुणी भेटेपर्यंत हे मलाच म्हणावं लागतं. मिट्ट काळोखात सोफ्याखाली हात घालून मी पहिल्या झटक्यात चोखणी काढून दाखवते. दाराआडच्या शांततेवरून ठकी कागद खातेय की साबण, हे सांगते. ठकी ही माझी मुलगी आणि साहाय्यिका. नुकतीच रांगायला लागली आहे. जमिनीच्या इतक्या जवळून पाहणी करणारी साहाय्यिका भल्याभल्या गुप्तहेरांच्या नशिबात नसते. दोष एकच. सापडलेला पुरावा ती आधी चाखून बघते.

त्या सकाळी मी साहाय्यिकेला भरवत होते, तोच मागच्या अंगणातून सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, आवाज आला.

"फाळका कुठाय?"

बाबांची सामान वाहायची पिकअप गाडी आहे. सामान चढवताना तिच्या मागची जी लोखंडी फळी खाली पाडतात, तो फाळका. गाडी जागेवर होती, फाळका नव्हता. आ वासून झोपलेल्या पाहुण्यासारखी ती दिसत होती.

"काल रस्त्यात पाडून आलास!" बाबा माझ्या दिरांवर गरजले. भाऊजींनी काल पहिल्यांदाच गाडी एकट्यानं नेली होती.

"बाबा, फाळका म्हणजे काय रुमाल आहे? पडला तर कळणार नाही?"

"मागं बघायची सवय असती तर कळलं असतं. दुपारी कपाटं पोचवायची आहेत. तोवर फाळका आण, नाहीतर किल्ली माझ्या हातात ठेव. कायमची."

भाऊजींचा चेहरा उतरला. या किल्लीसाठी त्यांनी दोन वर्षं गाडी धुतली होती, चाकं बदलली होती आणि शेजारी बसून बाबांचं गाणंसुद्धा ऐकलं होतं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही गुप्तहेर आहात ना?"

हा शब्द त्यांनी न हसता उच्चारण्याची ही पहिलीच वेळ. मी ठकीचं तोंड पुसलं आणि प्रकरण हाती घेतलं. सासूबाई भल्या पहाटे बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणजे त्या संशयितांतून बाद.

ठकीला कडेवर घेऊन मी मागच्या दारातला आडोसा ओलांडला. हा आडोसा आजच उगवला होता. ठकी रांगायला लागल्यापासून मी नवऱ्याच्या मागे लागले होते की पायऱ्यांशी काहीतरी लाव. आज उठून बघते तर दाराला आडवं काहीतरी फ्रिज आणि धान्याच्या पिंपामध्ये पक्कं बसवलेलं, कडा लागू नयेत म्हणून वर जुनी रजई गुंडाळलेली. माझा ऊर भरून आला. कामावर गेलेल्या नवऱ्याला मी लगेच मेसेज केला, "पायऱ्यांशी लावलंस ते पाहिलं. किती रे काळजी तुला!"

उत्तर आलं, "मग!"

असो. तपासाकडे वळू.

"हे टोळीचं काम आहे," मी जाहीर केलं. "चार धटिंगण आणि एक क्रेन."

"क्रेनच्या आवाजानं आपण उठलो नसतो?"

"ठकी झोपली की मी या घरात कुणाला शिंकू देत नाही. क्रेनवालेही घाबरले असतील."

मग मला समोरचे दातांचे डॉक्टर आठवले. सामान भरायला गाडी रस्त्यावर काढली की ती त्यांच्या फाटकाला आड येते म्हणून त्यांचा राग होता, आणि उपटून काढणं हा तर त्यांचा धंदाच. मी तडक त्यांच्याकडे गेले, नजरेला नजर भिडवली, आणि अक्कलदाढेची तारीख घेऊन परत आले.

इतक्यात मला मातीत ओढल्याचा रुंद पट्टा दिसला. गाडी ते आमच्या पायऱ्या, सरळ.

"चोर आपल्या घरातून गाडीकडे गेला," मी म्हणाले.

"गाडीकडून घराकडे आला असेल तर?"

"भाऊजी, चोर वस्तू घराबाहेर नेतो. घरात आणून देतो त्याला पाहुणा म्हणतात."

शिवाय दारातलं पायपुसणं गायब होतं. अर्थ उघड होता, चोर स्वच्छतेचा भोक्ता. या घरात पाय पुसून आत येणारं एकच माणूस, बाबा! किल्ली परत मिळावी म्हणून त्यांनीच हा बनाव रचला असणार. हा सिद्धांत मी भाऊजींच्या कानात सांगितला. बाबा नेमके मागेच उभे होते. पुढचं इथे लिहीत नाही.

दुपार झाली, आम्ही सगळे आत आलो. बाबांनी हात पुढे केला. भाऊजींनी खिशातून किल्ली काढली, एकदा मुठीत घट्ट धरली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मला ते बघवेना. मी ठकीला खाली सोडलं आणि त्या आडोशाला पाठ टेकून जमिनीवर बसले.

माझ्या शेजारी ओढाताण सुरू झाली.

"ठकी, रजई सोड. आई विचार करतेय."

रजई माझ्या डोक्यावर पडली. ती बाजूला करून मी वळले. उघड्या पडलेल्या लोखंडाला धरून, पाय फताडे टाकून, ढुंगण हलवत साहाय्यिका उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तिच्या दोन हातांच्या मध्ये लाल अक्षरं होती, 'अंतर ठेवा'.

"उभी राहिली!" मी ओरडले.

"फाळका!" बाबा ओरडले.

पण जागचं कुणी हललं नाही. हललो असतो तर ती बसली असती.

तेवढ्यात पिशवी सावरत सासूबाई पायऱ्या चढून आल्या. "अगंबाई, उभी राहिली माझी बाय!"

"हा फाळका..." बाबांनी बोट दाखवलं.

"मीच काढला."

"एकटीनं?"

"त्यात काय? साखळ्या सोडायच्या, अर्धा खाली आणायचा, एका बाजूनं उचलून सरकवायचा. लग्नानंतर तुमची गाडी कोण भरत होतं? पायपुसण्यावर ठेवला आणि ओढत आणला."

"अगं, पण सांगायचं तरी!"

"ठकी झोपली होती ना. बोलायची बंदी आहे घरात." मग त्या माझ्याकडे न बघता, आवाज उतरवून म्हणाल्या, "काल तिला पायरीच्या टोकावरून उचलली मी. एक हात पुढे गेला होता तिचा."

साबण की कागद ते शांततेवरून ओळखणाऱ्या मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्यांच्या हातातली पिशवी तेवढी घेतली.

बाबा फाळका काढायला वाकले. ठकीनं त्यावर थाप मारली. घण् आवाज झाला, आणि ती खुदकन हसली.

"राहू दे," बाबा सरळ होत म्हणाले. "आज दोरी बांधू." मग त्यांनी किल्ली भाऊजींच्या खिशात टाकली. "सावकाश ने. आणि मागं बघत जा."

"हो बाबा," म्हणत भाऊजी निघाले, ते फाळक्याला अडखळूनच.

संध्याकाळी नवरा यायच्या आधी मी रजई पुन्हा नीट गुंडाळून ठेवली.

"किती छान लावलंयस रे," मी म्हणाले. "कशाचं आहे हे?"

त्यानं रजईकडे पाहिलं. "लाकडाचं."

हे दुसरं प्रकरण मी एका मिनिटात सोडवलं. आरोपी सध्या अंगणात ठकीसाठी खरंखुरं दार ठोकतो आहे. साहाय्यिका देखरेख करते आहे, उभी राहून.