सात्यांची तर्री

मॅडमनी तेल चमचाभर घालायला सांगितलं होतं. मी वाटीभर घातलं. (दर पिशवीला.)

मशरूमच्या वर्गात मी गेले ती यमुताईंमुळे. यमुताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद, कामठीच्या. मी शिवणाचा वर्ग अर्ध्यात सोडला, पुढे लोणच्याच्या वर्गातलं लोणचं बुरसलं. तेव्हापासून मला पाहिलं की त्या विचारत, "काय वं गोपिका, सध्या काय बिघडवून राहिली?" म्हणून या वेळी मी आधीच सांगून टाकलं, "ताई, महिनाअखेरीला जेवायला या. घरी पिकवलेल्या सात्या खाऊ घालते." (मशरूमला आमच्याकडे सात्या म्हणतात.)

"पुऱ्या मोहल्ल्याले सांगून येईन," ताई म्हणाल्या.

वर्गात कळलं, की तणस, म्हणजे भाताचा पेंढा, उकळून गार करायची, त्यात थोडं तेल मुरवायचं आणि मग पिशव्यांत भरून बियाणं पेरायचं. तेलामुळे मशरूमची पांढरी जाळी भराभर पसरते. मी थक्कच झाले. ज्याला पान नाही, मूळ नाही, ऊनही नको, त्याला तेल लागतं! म्हणजे अगदी आमच्यासारखंच. आम्ही कोष्टी माणसं. रश्श्यावर बोटभर तर्री नसली तर पाहुणा रुसतो. चमचाभर तेल वाढायला माझा हात धजेना. जवसाच्या तेलाचा महिन्याचा डबा रिकामा झाला.

आमचे हे, मनोहरराव, दारातून डोकावले. "मोहरी आणू का वं? फोडणीचं काय?"

थोड्याच दिवसांत पिशव्या हिरव्या-काळ्या पडल्या. मुंग्या लागल्या. शेजारच्या प्रयागबाईंनी विचारलं, "उंदीर मेला का वं तुमच्याकडे?" मी हो म्हणाले. (उंदराचा अपमान झाला.) ह्यांनी नाक दाबून सगळ्या पिशव्या उकिरड्यावर नेल्या.

ताई उद्या येणार. रडवेल्या तोंडाने मी न्हाणीघर झाडायला घेतलं. कोपऱ्यात गोणपाटाच्या ओल्या टाटाखाली एक जुनं टोपलं होतं. उरलेली तणस मी त्यात टाकली होती, तेलकट हात तिलाच पुसले होते, बियाण्याची पुडीही तिथेच झटकली होती. टाट उचललं आणि झाडू हातातून गळाला.

शिंपल्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र सात्या, एकीवर एक! खालच्या चुण्या इतक्या बारीक, की सासऱ्यांनी मागावर काढलेली किनारही त्यांच्यापुढे जाडी वाटावी. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी दारातच नकळत चपला काढल्या.

"हे कोणं केलं?" ते हळूच म्हणाले.

"मी."

"कवा?"

"हात पुसताना."

दुसऱ्या दिवशी ताईंनी पहिला घास घेतला.

"गोपिका," त्या म्हणाल्या, "मानलं वं तुले! अशा सात्या म्या जंगलातल्याही नाही खाल्ल्या."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ताईंनी रस्सा बोटाने ढवळला. "पण तर्री काहून नाही?"

हे शांतपणे म्हणाले, "तर्री सात्यायच्या बारशालेच संपली, ताई."

ताईंनी समाधानाने मान हलवली. "हां, मंग बराबर हाय. या खेपेले भाजी बिघडवली."