एका पायाचा दावा

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या भाद्रपदात किन्हवलीजवळच्या एका वाडीतले भातशेतकरी कोंडू वेखंडे यांस खोकला झाला. खोकला साधा होता, काढ्याने गेला असता. पण त्या साली पंचक्रोशीत सुईचा मान फार वाढला होता. गोळी देणारा डॉक्टर हलका आणि सुई टोचणारा खरा, असं लोकांनी एकमताने ठरवून टाकलं होतं. काढा पिऊन बरा झालेला माणूस चारचौघांत ते सांगायलासुद्धा लाजायचा.

तेव्हा कोंडू शेजारच्या महिपतला सोबत घेऊन बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी कमरेखाली उजव्या अंगाला सुई दिली. कोंडूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाकावरून उठायला गेला, तर उजवं पाऊल लोंबकळलं ते वर येईना.

"डॉक्टर, पाय उचलत नाय."

"खोकून दाखव."

कोंडू इतका घाबरला होता की त्याला खोकला येईना.

"गेला की नाही?" डॉक्टर म्हणाले. "तू खोकल्यासाठी आला होतास. पायाची तक्रार नवीन आहे. तिच्यासाठी पुढच्या बाजारी ये, वेगळी सुई देऊ."

पुढचा बाजार गेला, दसरा गेला, पाऊल काही वर आलं नाही. चिखलात रुतायचं, बांधावर अडखळायचं. भात पिवळं झालं तेव्हा त्याची बायको शकू विळा घेऊन एकटीच शेतात उतरली. बांधावर बसून तिची वाकलेली पाठ बघताना कोंडूला पहिल्यांदा राग आला. तोवर त्याला नुसती लाज वाटत होती. दुसऱ्याच दिवशी यष्टीत बसून त्याने शहापूरच्या वकिलाचं घर गाठलं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पाय मात्र पाहिला नाही. कायद्याला त्याची गरज नव्हती.

"दावा उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त एक सांग, हा डॉक्टर खरा डॉक्टर आहे का?"

"लोक म्हनतात, आधी कल्याणला कंपाउंडर होता."

"मग कठीण आहे. तो डॉक्टरच नसेल, तर त्याच्या हातून डॉक्टरी हलगर्जी होईलच कशी?"

"आन असंल तर?"

"तर आणखी कठीण. डॉक्टरने काय केलं ते तुला-मला काय कळणार? ते सांगायला दुसरा डॉक्टर लागतो."

दुसरा डॉक्टर मुरबाडला होता. त्याने कोंडूला खाटेवर निजवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्याला टाचणी लावली. "यात कळायला अवघड काय आहे?" तो म्हणाला. "सुई नसेत गेली. पाय त्यानेच लुळा पडलाय."

कोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पाय खरोखर बिघडलाय असं म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं होतं. वाडीत तर तो कामाला कंटाळलाय इथवर बोलणं गेलं होतं.

"साहेब, ह्येच कोर्टात सांगाल?"

डॉक्टरने हातोडी खणात ठेवली आणि खण लावून घेतला. "कोर्टात मी एवढंच सांगेन की तुला दोन पाय आहेत."

"आन सुईचं?"

"सुया मीही देतो, कोंडू."

राहता राहिला महिपत. तो मात्र डगमगला नाही. "मी डोल्यानं बघितलंय," असं छातीवर हात मारून सांगत तो कोर्टात उभा राहिला. डॉक्टरांच्या वकिलांनी त्याला अदबीने विचारलं, "फिर्यादी आज इथे कसा आला?"

"चालत. म्हंजे, फरफटत."

"चालत," वकिलांनी कोर्टाच्या ध्यानात आणून दिलं.

कोंडूच्या वकिलांनी ताडकन हरकत घेतली. अशील आला नसता, तर गैरहजेरीत दावाच निकाली निघाला असता! कोर्टाने दोन्ही मुद्दे योग्य ठरवले.

"सुईनंतर फिर्यादीचं काय झालं?" डॉक्टरांच्या वकिलांनी महिपतला पुढे विचारलं.

"दोगांनी उचलून भायेर नेला त्याला."

"आणि तुम्ही?"

"मी आत गेलो."

"कशाला?"

महिपत जरा घुटमळला. "माजा नंबर होता, साहेब. सुई घेतली."

कोर्टात हशा पिकला. "म्हणजे फिर्यादीला उचलून नेलेलं पाहूनही तुमचा डॉक्टरांवर पूर्ण विश्वास होता?"

महिपतने कोंडूकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "बाजाराचा दिस होता. परत आठवडाभर कोन थांबतो?"

दावा फेटाळला गेला. "पण फुकट गेला नाही हो," वकीलसाहेब कोंडूला म्हणाले, आणि ते खरं होतं. असल्या प्रकरणांतले जाणकार वकील तालुक्यात ते एकटेच निघाल्यामुळे डॉक्टरांनी पुढे त्यांनाच सल्ल्याला ठेवलं. त्यांनी एक छापील कागद तयार करून दिला. सुई घ्यायच्या आधी त्यावर अंगठा. दवाखान्याची पत एकदम वाढली. "तिथं कागद करून सुई देतात," असं म्हणत पार टोकावड्याहून माणसं येऊ लागली.

पुढच्या कापणीत शकूला सणकून ताप भरला. मुरबाडपर्यंत ती बसमध्ये टिकणार नव्हती. कोंडूने तिला महिपतच्या बैलगाडीत घातलं आणि त्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टरांच्या मनात काही किल्मिष नव्हतं. "ये कोंडू, ये," ते आतून म्हणाले.

दाराशी बसलेल्या कंपाउंडरने कागद पुढे केला.

"काय लिवलंय यात?" कोंडूने विचारलं.

"हेच, की हे सगळं तुम्हाला वाचून दाखवलं."

"पन वाचलं कुठं?"

"वाचून दाखवलं असं लिहिलंय, मग परत कशाला वाचायचं?"

मागून रांगेतले लोक करवादले. "आटप रे कोंडू!" शकूचं अंग भाजत होतं. कोंडूने तिचा अंगठा आपल्या मुठीत धरला, क्षणभर सोडलाच नाही. मग शाईत बुडवून कागदावर टेकवला.

शकू बरी झाली, दोन्ही पायांवर चालत घरी आली. वाडीने त्याचं श्रेय कागदाला दिलं.

शिकल्यासवरल्या वाचकांना या अडाणीपणाचं हसू येणं साहजिक आहे. आपलं तसं नसतं. ऑपरेशनच्या आधी तो कागद आपल्यापुढे येतो, तेव्हा आपण खिशातून स्वतःचं पेन काढतो आणि सही कुठे करायची, एवढंच विचारतो.